लवादासमोर त्रयस्थाचे म्हणणे

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनाच्या सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराचा जमाखर्च, हिशेबतपासनिसांचे प्रमाणपत्र आणि विभागवार कार्यवृत्त आपल्या हाती दिलेल्या अहवालात छापलेले आहे. त्याचे जाहीर वाचन करून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. अध्यक्ष महोदयांनी दिलेला अवधी आम्ही अशा एका विषयासाठी वापरू इच्छितो, जो वरकरणी रुग्णालयाच्या आवाराबाहेरचा, किंबहुना देशाबाहेरचाही वाटेल. सार्वजनिक आरोग्याशी निगडित असा वाद एखादे सरकार आणि एखादी परदेशी कंपनी यांच्यामध्ये आंतरराष्ट्रीय लवादासमोर चालतो, तेव्हा त्या वादात पक्षकार नसलेल्या, परंतु त्याचे परिणाम भोगणाऱ्या किंवा त्या विषयाचे ज्ञान असलेल्या तिसऱ्या व्यक्तीला वा संस्थेला काही बोलता येते काय, हा तो विषय होय.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र आणि विधिशास्त्र ही दोन्ही क्षेत्रे आम्हाला परकी. तथापि करारपत्रे, देयके, दंडाची कलमे आणि लवादाची कलमे यांच्याशी रुग्णालयाच्या प्रशासकाचा नित्याचा संबंध येतो, आणि या विषयाकडे आमचे लक्ष गेले ते याच वाटेने. काही वर्षांपूर्वी एका यंत्रपुरवठादाराशी देखभाल करारावरून आमचा मतभेद झाला आणि प्रकरण लवादाकडे गेले. यंत्र बंद होते, तोवर आमचे रुग्ण तपासणीसाठी शेजारच्या शहरात जात होते, कुणी एस.टी.ने, कुणी शेजाऱ्याच्या जीपमधून. लवादासमोरील नस्तीत मात्र देयके होती, पत्रव्यवहार होता, करारातील कलमांच्या छायाप्रती होत्या. त्या रुग्णांचा उल्लेख एकाही पानावर नव्हता. याबद्दल आम्ही कुणाला दोष देत नाही. लवादाची रचनाच तशी असते. करार दोघांचा, वाद दोघांचा, पंच दोघांनी नेमलेला आणि दालनाचे दार बंद. दोन व्यापाऱ्यांमधील भांडण बाजारात न जाता मिटावे, यासाठीच ही पद्धत जन्माला आली आहे. प्रश्न उपस्थित होतो तो अशा दालनात जेव्हा एका संपूर्ण देशाचे पाणी किंवा औषध किंवा सिगारेटचे पाकीट येऊन पडते, तेव्हा.

गुंतवणूक लवाद म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे. दोन देश आपसांत करार करतात की, एकाच्या नागरिकाने वा कंपनीने दुसऱ्याच्या भूमीत भांडवल गुंतवले तर त्या भांडवलाला न्याय्य वागणूक मिळेल आणि मोबदल्याविना ते हिरावून घेतले जाणार नाही. या कराराचा भंग झाला असे कंपनीस वाटल्यास ती थेट त्या सरकारविरुद्ध लवादाकडे दाद मागू शकते. बहुतेक करारांत त्यासाठी आपल्या सरकारला मध्ये घालावे लागत नाही. अशा वादांची व्यवस्था पाहणारी सर्वांत परिचित संस्था म्हणजे वॉशिंग्टन येथील, जागतिक बँकेच्या छत्राखालील आंतरराष्ट्रीय गुंतवणूक विवाद निवारण केंद्र. ते १९६५ च्या एका करारान्वये स्थापन झाले. भारत त्या कराराचा सदस्य नाही. परंतु भारतासही अन्य नियमांखालील लवादांना सामोरे जावे लागलेले आहे. सामान्यतः तीन पंच असतात: एक कंपनीचा, एक सरकारचा आणि एक अध्यक्ष. त्यांचा निवाडा अंतिम असतो. वरच्या न्यायालयात सविस्तर अपील करण्याची सोय त्यात नसते.

आपल्याकडील न्यायव्यवस्थेची सवय असलेल्यांस यातील उणीव लगेच जाणवेल. आपल्या उच्च न्यायालयांत जनहित याचिका दाखल करता येते, चालू प्रकरणात हस्तक्षेपाचा अर्ज देता येतो, आणि न्यायालय स्वतःहून एखाद्या ज्येष्ठ विधिज्ञास न्यायालयाचा मित्र म्हणून नेमू शकते. आपल्या पेटंट कायद्यात तर पेटंट मिळण्यापूर्वी कोणत्याही व्यक्तीला हरकत नोंदवता येते. ग्लिव्हेक या रक्तकर्करोगावरील औषधाच्या पेटंटला ज्यांनी हरकत घेतली, त्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णसाहाय्य संस्था होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीची मागणी फेटाळली. ज्या संस्थेचा त्या औषधात एक पैशाचा व्यापारी हितसंबंध नव्हता, तिला तेथे बोलण्याचा अधिकार होता. गुंतवणूक लवादात असा अधिकार कोणासच नव्हता. तो आजही नाही. आहे ती केवळ परवानगी, आणि तीही गेल्या पंचवीसेक वर्षांत एकेका प्रकरणातून हळूहळू आकारास आलेली.

तिचा आरंभ कॅलिफोर्नियातील पाण्यापासून झाला. पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा एम.टी.बी.ई. नावाचा पदार्थ जमिनीत मुरून विहिरींच्या पाण्यात उतरू लागला. सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये आपल्या काही विहिरी बंद कराव्या लागल्या. १९९९ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी तो पदार्थ टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला. त्या पदार्थासाठी लागणारे मिथेनॉल बनविणाऱ्या मेथॅनेक्स या कॅनडाच्या कंपनीने उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराखाली अमेरिकेच्या सरकारवर सुमारे ९७ कोटी डॉलरचा दावा लावला. कॅनडातील एक शाश्वत विकास संस्था आणि अमेरिकेतील काही पर्यावरण संस्था यांनी लवाद मंडळाकडे अर्ज केला की, हा केवळ पैशाचा वाद नसून पिण्याच्या पाण्याचा आहे, आमचे लेखी म्हणणे वाचावे. कंपनीने यास विरोध केला. जानेवारी २००१ मध्ये मंडळाने निर्णय दिला की, असे निवेदन स्वीकारण्याचा अधिकार आपल्याला आहे. अशा प्रकारचा हा पहिला निर्णय होय. नियमांत त्रयस्थाविषयी एक शब्दही नव्हता. कामकाज मंडळास योग्य वाटेल त्या रीतीने चालवावे, एवढ्याच एका सर्वसाधारण कलमाच्या आधारे पंचांनी दार किलकिले केले. ऑगस्ट २००५ मध्ये कंपनीचा दावा पूर्णपणे फेटाळला गेला.

याच काळात दुसऱ्या एका दारावर मात्र थाप व्यर्थ गेली. बोलिव्हियातील कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा १९९९ मध्ये खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आला, पाणीपट्टी भरमसाट वाढली, २००० साली लोक रस्त्यावर उतरले आणि कंपनीला जावे लागले. कंपनीने बोलिव्हियाविरुद्ध लवाद मागितला. ज्यांनी ते आंदोलन केले होते, त्या नागरिकांनी व त्यांच्या संघटनेने आम्हालाही ऐका अशी विनंती केली. जानेवारी २००३ मध्ये मंडळाचे उत्तर आले की, दोन्ही पक्षांच्या संमतीवाचून असे करण्याचा अधिकार आम्हाला नाही. ज्यांच्या नळाचा तो वाद होता, तेच बाहेर राहिले. पुढे २००६ मध्ये कंपनीने नाममात्र रक्कम घेऊन दावा सोडून दिला, ही गोष्ट वेगळी.

मे २००५ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या पाणीपुरवठ्याच्या प्रकरणात मात्र एका मंडळाने बोलिव्हियाच्या वेळी घेतलेल्या भूमिकेपेक्षा वेगळी भूमिका घेतली. लक्षावधी लोकांचे पाणी व सांडपाणी यांच्याशी संबंध असल्यामुळे या वादात सार्वजनिक हित आहे, सबब योग्य त्रयस्थाचे निवेदन स्वीकारता येईल, असे त्याने म्हटले. पुढील वर्षी, एप्रिल २००६ मध्ये, वॉशिंग्टनच्या केंद्राने आपल्या नियमांतच तशी तरतूद केली. तीमधील कसोट्या कोणत्याही व्यवहारी माणसास पटतील अशा आहेत. त्रयस्थाजवळ पक्षकारांपेक्षा वेगळी दृष्टी वा माहिती असावी, त्याचे म्हणणे वादाच्या कक्षेतले असावे, त्याला त्या प्रकरणात खरोखरीचे स्वारस्य असावे. आणि त्याच्यामुळे कामकाज विस्कळीत होऊ नये किंवा एखाद्या पक्षावर अन्याय होऊ नये. दोन्ही पक्षांना त्याच्या निवेदनावर उत्तर देण्याची संधी मिळते.

येथे आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगू इच्छितो, कारण देणगीदारांसमोर बोलताना केवळ यशाचीच उदाहरणे देण्याचा मोह होतो. ब्वेनोस आयरेसच्या प्रकरणात त्रयस्थ संस्थांनी निवेदन दिले, मंडळाने ते दाखल करून घेतले, आणि तरीही २०१० मध्ये निर्णय आर्जेन्टिनाच्या विरुद्ध गेला. २०१५ मध्ये सुमारे ४० कोटी डॉलरची भरपाई ठरली. टांझानियातील दार-ए-सलामच्या पाण्याच्या प्रकरणात २००७ मध्ये पाच संस्थांना लेखी म्हणणे मांडण्याची अनुमती मिळाली. परंतु नस्तीतील कागद पाहण्याची किंवा सुनावणीस बसण्याची मिळाली नाही. ज्या कागदांवर वाद चालला आहे ते न पाहताच त्यावर मत द्यायचे, असा हा प्रकार. २००८ च्या निवाड्यात सरकारने कराराचा काही अंशी भंग केल्याचे ठरले, पण भरपाई मात्र द्यावी लागली नाही. त्रयस्थाचे निवेदन म्हणजे विजयाची हमी नव्हे. तो नस्तीत दाखल झालेला एक कागद असतो, इतकेच. तो कागद कोणता आहे आणि कोणी दिला आहे, यावर पुढचे अवलंबून असते.

आता ज्या प्रकरणासाठी आम्ही हा विषय निवडला, त्याकडे वळतो.

उरुग्वे हा दक्षिण अमेरिकेतील लहानसा देश. लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आत, म्हणजे आपल्या पुणे शहराएवढीही नाही. २००५ मध्ये तेथे ताबारे वास्केस हे राष्ट्राध्यक्ष झाले. ते व्यवसायाने कर्करोगतज्ज्ञ होते. आदल्याच वर्षी देशाने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारास संमती दिलेली होती. २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास बंदी आली. 'लाइट', 'माइल्ड' यांसारखे, कमी अपायाचा भास निर्माण करणारे शब्द पाकिटावर छापण्यास मनाई झाली. परंतु शब्द गेले आणि रंग राहिले. एकाच नावाची सिगारेट तांबड्या, सोनेरी, निळ्या अशा वेगवेगळ्या पाकिटांत मिळत राहिली आणि फिकट रंगाचे पाकीट म्हणजे सौम्य सिगारेट, ही समजूत कायम राहिली. म्हणून २००८ मध्ये नियम झाला की, एका नावाखाली एकच प्रकार विकावा. २००९ मध्ये दुसरा नियम आला: पाकिटाच्या दर्शनी व मागील दोन्ही बाजूंचा ८० टक्के भाग आरोग्यविषयक इशाऱ्यासाठी राखावा.

फेब्रुवारी २०१० मध्ये फिलिप मॉरिस कंपनीने स्वित्झर्लंड आणि उरुग्वे यांच्यातील गुंतवणूक कराराचा आधार घेऊन दावा दाखल केला. आमच्या व्यापारचिन्हांची किंमत नष्ट झाली, जी जागा आमची ती सरकारने बळकावली, आणि या नियमांमुळे धूम्रपान घटते याचा सरकारजवळ पुरावा काय, असा तिचा युक्तिवाद होता. तिची मागणी शेवटी सुमारे २ कोटी २० लाख डॉलरची होती. कंपनीच्या उलाढालीपुढे ही रक्कम किरकोळ, आणि उरुग्वेच्या आरोग्य खात्यासाठी मुळीच किरकोळ नव्हे. अशा दाव्याचा एक परिणाम निकालापूर्वीच होतो. इतर देश थबकतात. ऑस्ट्रेलियाने पाकिटावरील सर्व सजावट काढून टाकली, तेव्हा याच उद्योगसमूहाच्या हाँगकाँगमधील कंपनीने तिच्यावरही दावा लावला. न्यूझीलंडच्या सरकारने २०१३ मध्ये जाहीर केले की, आम्हीही तसा कायदा करणार, पण ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या प्रकरणांचे काय होते ते पाहून. ऑस्ट्रेलियावरील दावा डिसेंबर २०१५ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच संपुष्टात आला आणि न्यूझीलंडचा कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला. मधल्या काळात किती तरुणांनी पहिली सिगारेट ओढली, याची नोंद कोणत्याही नस्तीत सापडणार नाही.

पुराव्याचा प्रश्न हा या प्रकरणाचा कणा होता. कोणतीही तपासणी संस्था, अनुदान देणारी संस्था किंवा कज्जेदलाल आपणांस हाच प्रश्न विचारतो: तुम्ही हे केले, त्याचा उपयोग होतो हे दाखवा. लहान देशाने दाखवावे तरी कसे? ८० टक्के इशारा आणि ५० टक्के इशारा यांत नेमका किती फरक पडतो, याचा स्वतंत्र अभ्यास करायचा तर संशोधक हवेत, वर्षे हवीत, पैसा हवा. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या तंबाखू नियंत्रण कराराचे सचिवालय यांनी २०१५ च्या आरंभी मंडळाकडे त्रयस्थ म्हणून निवेदन देण्याची परवानगी मागितली. कंपनीने हरकत घेतली. फेब्रुवारी २०१५ मध्ये मंडळाने परवानगी दिली. पुढच्याच महिन्यात अमेरिका खंडातील देशांच्या आरोग्य संघटनेलाही ती मिळाली. या निवेदनांत कोणतीही भावनिक विनवणी नव्हती. तंबाखूने जगभर होणारी हानी, पाकिटाचा रंग व मांडणी यांनी ग्राहकाची कशी दिशाभूल होते, मोठ्या व सचित्र इशाऱ्यांविषयी जगातील अभ्यास काय सांगतात, आणि उरुग्वेने योजलेले उपाय त्या ज्ञानाशी सुसंगत आहेत किंवा कसे, हे त्यांत मांडलेले होते.

८ जुलै २०१६ रोजी निवाडा आला. कंपनीच्या सर्व मागण्या फेटाळण्यात आल्या. व्यापारचिन्हाची नोंदणी केल्याने इतरांना ते वापरण्यापासून रोखण्याचा अधिकार मिळतो. सरकारी नियमनापासून मुक्त राहून ते वाटेल तसे वापरण्याचा अधिकार मिळत नाही, असे मंडळाने म्हटले. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग पुढे आहे. तांत्रिक व आर्थिक साधने मर्यादित असलेल्या उरुग्वेसारख्या देशाला शास्त्रीय ज्ञान मिळविण्याचे साधन म्हणून तंबाखू नियंत्रण कराराची व्यवस्था फार महत्त्वाची आहे, त्या व्यवस्थेतून आलेल्या पुराव्यावर त्याने विसंबणे योग्यच आहे, प्रत्येक नियमासाठी त्याने स्वतःचे वेगळे संशोधन केलेच पाहिजे असे नाही, असा मंडळाचा आशय होता. हे सांगताना मंडळाने त्या दोन त्रयस्थ संघटनांच्या निवेदनांचा आधार घेतला.

वाणिज्य शाखेच्या माणसाच्या भाषेत सांगावयाचे तर, सिद्ध करण्याचा जो बोजा एका लहान देशाच्या खात्यावर टाकला जात होता, तो जगाच्या सामाईक खात्यातून भागविला गेला. नियम करणारे सरकार त्या दालनात पक्षकार होते. त्याचे प्रत्येक वाक्य स्वतःच्या बचावाचे मानले जाणे स्वाभाविक होते. तीच गोष्ट बाहेरून, ज्याला भरपाई द्यावयाची नाही व घ्यावयाचीही नाही अशा संघटनेने सांगितल्यावर तिला वेगळे वजन आले. त्रयस्थाचे सामर्थ्य यातच आहे.

दोन गोष्टींची नोंद घेणे मात्र प्रामाणिकपणाचे ठरेल. निवाडा सर्वच मुद्द्यांवर एकमताचा नव्हता. तीन पंचांपैकी एकाने, 'एका नावाखाली एकच प्रकार' हा नियम जगात अन्य कोणी केलेला नाही आणि तो अवाजवी आहे, असे वेगळे मत नोंदविले. त्या पंचाचा युक्तिवाद आम्ही उथळ मानत नाही. नियम करणाऱ्याने नियमामागील विचारविनिमयाचे कागद जपून ठेवले पाहिजेत, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट खर्चाची. हा वाद सहा वर्षांहून अधिक काळ चालला. जिंकलेल्या उरुग्वेचा खर्च सुमारे १ कोटी ३ लाख डॉलर झाला, आणि त्यापैकी ७० लाख डॉलर कंपनीने द्यावेत, तसेच लवाद मंडळाचा संपूर्ण खर्चही तिने सोसावा, असे ठरले. म्हणजे जिंकूनही तीस लाखांहून अधिक डॉलर खर्ची पडले. या लढ्यात अमेरिकेतील ब्लूमबर्ग यांच्या परोपकारी संस्थेचे साहाय्य उरुग्वेच्या पाठीशी होते. ज्या देशाला असा दाता मिळत नाही, त्याने काय करावे, या प्रश्नाला निवाड्यात उत्तर नाही.

पैशाचा विषय निघाला आहे म्हणून एक शंकाही मांडतो. त्रयस्थ म्हणून येणारा खरोखर त्रयस्थ आहे काय? जे दार रुग्णसंघटनेला उघडते, ते कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या एखाद्या मंचालाही उघडू शकते. नाव लोकहिताचे आणि देयक दुसऱ्याच्या नावे, असे प्रकार कोणत्याही धर्मादाय क्षेत्रात काम करणाऱ्यास अपरिचित नाहीत. १ जुलै २०२२ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या नव्या नियमांत म्हणूनच अर्जदाराने कोणत्याही पक्षाशी आपला संबंध आहे काय आणि हे निवेदन तयार करण्यास कोणी पैसा वा अन्य साहाय्य दिले, हे उघड करावे लागते. आम्हाला हा नियम मनापासून आवडला. धर्मादाय आयुक्तांकडे आम्ही वर्षानुवर्षे हिशेब सादर करतो. ज्याला दुसऱ्याच्या वादात बोलायचे आहे, त्यानेही आपले खाते उघडे ठेवण्यास हरकत नसावी.

आता आपण विचाराल की, या साऱ्याचा आपल्या रुग्णालयाशी काय संबंध?

आपल्या देशात १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के भागात सचित्र इशारा छापणे बंधनकारक झाले. उद्योगाने त्यालाही आव्हान दिले. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. तेथेही प्रश्न तोच होता: ८५ टक्केच का, पुरावा काय? २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते, आणि त्यांतील फार मोठा भाग धूररहित तंबाखूचा, म्हणजे चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, खर्रा, मिश्री यांचा होता. पाश्चात्त्य देशांतील अभ्यास बहुतांशी सिगारेटचे आहेत. मिश्रीविषयीचा आणि खर्ऱ्याविषयीचा पुरावा जिनिव्हात तयार होणार नाही. तो आपल्याकडेच, नोंदणीच्या खिडकीवर तयार व्हावा लागेल.

या कामाची आपल्या राज्यात मोठी परंपरा आहे. देशातील लोकसंख्येवर आधारित पहिली कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने सुरू झाली. गावोगाव फिरून, तोंडातील न भरणाऱ्या जखमेची विचारपूस करून, कर्मचाऱ्यांनी वह्या भरल्या. तेथील आकडे जागतिक संघटनेच्या कर्करोगविषयक ग्रंथांत जगातील मोठमोठ्या शहरांच्या शेजारी छापले जातात. जागतिक आरोग्य संघटना एखाद्या लवादासमोर 'जगाचा अनुभव असे सांगतो' म्हणते, तेव्हा त्या जगात अशा वह्यांचाही अंश असतो.

गेल्या काही वर्षांत आम्ही देणगीदारांकडे नोंद विभागासाठी साहाय्य मागितले, तेव्हा साहजिकच काहींनी विचारले की, खाट द्यावी, डायलिसिसचे यंत्र द्यावे, हे समजते. कपाट, संगणक आणि दोन कारकून यांसाठी देणगी कशाला? खाटेवर दात्याच्या दिवंगत मातापित्यांचे नाव लिहिता येते, रजिस्टरवर लिहिता येत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. असे असूनही तीन दात्यांनी या वर्षी नामफलकाची अपेक्षा न ठेवता ही जबाबदारी उचलली. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची नावे येथे घेत नाही.

त्यांच्या साहाय्याने मुख, घसा व अन्ननलिकेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या केसपेपरला या वर्षापासून एक स्वतंत्र नोंदपत्र जोडले जात आहे. त्यात व्यसनाच्या एका ओळीऐवजी तंबाखूचा प्रत्येक प्रकार वेगळा विचारला जातो: कोणत्या वयापासून, दिवसातून किती वेळा, सोडली असल्यास केव्हा. मिश्रीचा रकाना मुद्दाम वेगळा ठेवला आहे. आमच्या समाजसेवा अधिकारी भगिनींचा अनुभव असा की, 'तंबाखू खाता का?' असे विचारल्यास वयस्क स्त्रिया ठामपणे नाही म्हणतात आणि 'सकाळी दात कशाने घासता?' असे विचारल्यास तीच स्त्री सहजपणे मिश्री म्हणते. तिच्या लेखी ते व्यसन नसून दात घासणे असते. हा रकाना डॉक्टरांनी नव्हे, त्या भगिनींनी सुचविलेला आहे.

नातेवाईकांना एक विनंती करावयाची आहे. हे नोंदपत्र भरण्यास दहा मिनिटे लागतात, आणि रुग्ण वेदनेत असताना ती दहा मिनिटे फार वाटतात, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून ते खिडकीवर न भरता रुग्णास वॉर्डात वा तपासणी कक्षात स्थिरस्थावर केल्यानंतर भरले जाईल. दिलेल्या उत्तरामुळे उपचारांत, सवलतीत किंवा विम्याच्या कागदपत्रांबाबत आमच्या वागणुकीत कोणताही फरक होणार नाही. बाहेर दिल्या जाणाऱ्या आकडेवारीतून रुग्णाचे नाव, गाव व पत्ता वगळलेला असेल. वडिलांनी वा आईने स्वतः सांगण्यास संकोच केला, तर घरातील जाणत्या व्यक्तीने दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते बारा या वेळेत नोंद विभागात येऊन सांगितले तरी चालेल. विभाग जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, औषधालयाच्या मागील बाजूस आहे.